शाळा उडवून दिल्यानंतरचं वर्ष

शाळेत घडणाऱ्या मालिकेला एक दुखणं जन्मापासूनच जडलेलं असतं: मुलं मोठी होतात. तिसऱ्या-चौथ्या वर्षी त्यांचं पुढे काय करायचं हा प्रश्न लेखकांसमोर येतोच, आणि उत्तर बहुतेक वेळा ठरलेलं असतं. सगळी गँग योगायोगाने एकाच कॉलेजात जाते. तेच कट्टे, तेच रुसवेफुगवे, फक्त युनिफॉर्म गेलेला. 'बफी द व्हॅम्पायर स्लेयर' या, व्हॅम्पायर मारणाऱ्या शाळकरी मुलीच्या अमेरिकन मालिकेच्या मंडळींनी तिसऱ्या सीझनच्या शेवटी शाळाच स्फोटकं लावून उडवली. पदवीदान समारंभात भाषण करता करता गावाचा महापौर अजस्र साप होतो, बफी त्याला डिवचत डिवचत लायब्ररीत आणते, मागच्या खिडकीतून स्वतः बाहेर उडी मारते आणि बाहेर बसलेले लायब्ररियन जाइल्स कळ दाबतात. एप्रिल 1999 मध्ये कोलंबाइनच्या शाळेत गोळीबार झाला होता, त्यामुळे द डब्ल्यूबी या वाहिनीने हा भाग मे महिन्यात न दाखवता थेट 13 जुलैला दाखवला. पुढे अवघ्या बारा आठवड्यांत, 5 ऑक्टोबर 1999 ला, बफी समर्स यूसी सनीडेल या गावातल्याच कॉलेजच्या आवारात हातात नकाशा घेऊन हरवलेली दिसते.

हा चौथा सीझन. 22 भाग. चाहत्यांमध्ये सीझनांची उतरंड लावायची वेळ आली की याला बरेचदा तळाकडे ढकललं जातं. विस्कळीत आहे, खलनायक पुचाट आहे, मधले तीन-चार भाग सहन होत नाहीत, हे सगळे आरोप खरेच आहेत. पण विस्कळीतपणा आला कुठून हे पाहिलं की लक्षात येतं, हा सीझन घसरतो त्याच कारणाने चमकतोही. घर सुटल्यावर माणसं पांगतात. जिथे लेखकांनी हे पांगणंच गोष्टीचा विषय केलं तिथे मालिकेतले सर्वोत्तम भाग निघाले. जिथे त्यांनी शाळेच्या जागी दुसरं काहीतरी उभं करायचा खटाटोप केला तिथे गाडी रुतली.

आधी त्या लायब्ररीबद्दल, कारण गेली काय होती हे कळल्याशिवाय पुढचं कळत नाही. एका सेटवर किती कामं उरकली जायची पाहा. सनीडेलच्या खाली नरकाचं दार आहे, हेलमाउथ, आणि ते नेमकं लायब्ररीच्या फरशीखाली. जाइल्स शाळेचे लायब्ररियन, म्हणजे बफीचे गुरू दिवसाढवळ्या शाळेत असण्याला कारण आहे. जुनी पोथ्यापुराणं कपाटात आहेत, म्हणजे या आठवड्याचा राक्षस कोण हे शोधायला कुठे जायला नको. जाळीच्या पिंजऱ्यात शस्त्रं. पौर्णिमेला गँगमधल्या ऑझचा लांडगा होतो तेव्हा त्याला कोंडायला तोच पिंजरा. आणि मुलांनी तिथे असण्याला तर निमित्तही लागत नाही, विद्यार्थी लायब्ररीत असायचेच. घंटा वाजली की सीन संपतो. भाग साधारण 44 मिनिटांचा, आधी छोटी सुरुवात आणि मग जाहिरातींनी तोडलेले चार अंक. त्या मापात रोजच्या गोष्टीचं अर्धं काम ही एक खोली करायची.

शिवाय मालिकेचं मूळ सूत्र शाळेला चिकटलेलं होतं. किशोरवयात जे नरकासारखं वाटतं ते इथे खरोखरच नरकातून येतं. पहिल्या रात्रीनंतर बदललेला प्रियकर इथे खरोखर सैतान होतो. कुणाच्याच नजरेत न भरणारी मुलगी खरोखर अदृश्य होते. शाळेत हे सूत्र फिट्ट बसतं कारण शाळा बंदिस्त असते: तीच तीच माणसं, तेच कॉरिडॉर, पळायला जागा नाही. कॉलेजात जागाच जागा. जाच करणाराही कुणी नसतो, कारण तुमच्याकडे बघायला कुणाला वेळच नसतो. या एकटेपणाचा राक्षस कसा काढायचा?

'द फ्रेशमन' या पहिल्याच भागात त्याचं उत्तर आहे, आणि ते अगदी अचूक आहे. आवारात व्हॅम्पायरांची एक टोळी राहते, म्होरकी संडे नावाची मुलगी. ही टोळी फक्त नव्या मुलांना मारते. तिची पद्धत बघण्यासारखी आहे. एकटं फिरणारं पोर हेरायचं. रक्त प्यायचं. मग त्याच रात्री त्याच्या खोलीत जाऊन झाडून सगळं सामान उचलायचं, आणि टेबलावर त्याच्या नावाने चिठ्ठी ठेवायची की मला हे झेपलं नाही, मी घरी चाललो. संपलं. कुणी शोधायला येत नाही, कारण पहिल्या महिन्यात बॅग भरून परत गेलेली मुलं दर वर्षी असतातच. पोलीस नाहीत, तक्रार नाही. टोळीच्या अड्ड्यावर लुटलेल्या सामानाचा ढीग आहे आणि भिंतीवरच्या पोस्टरांची मोजदाद चालू आहे: मोने जास्त की क्लिम्ट जास्त. मोने पुढे आहे. घर सोडून 'स्वतंत्र व्यक्तिमत्त्व' घडवायला आलेल्या पोरांनी भिंतीला लावायला आणलेली चित्रं दोनच, याच्याइतकी बोचरी थट्टा सबंध सीझनमध्ये दुसरी नाही.

बफी पहिल्या झटापटीत मार खाते. तीन वर्षं जग वाचवणारी मुलगी एका भुरट्या टोळीकडून हरते, आणि हरण्याचं कारण ताकद नाही. त्या आठवड्यात तिला सगळीकडून कळत गेलंय की तिची इथे कुणालाच गरज नाही. एका प्राध्यापकाने तिला भर वर्गातून हाकललंय. जिवलग मैत्रीण विलो अभ्यासात रमलीय, ऑझचा बँड आधीच या आवारात वाजवून गेलाय, त्याला सगळे रस्ते पाठ. घरी तिच्या खोलीत आईने आर्ट गॅलरीतली खोकी रचून ठेवलीत. जाइल्सकडे गेली तर ते सांगतात, आता तू मोठी झालीस, तुझं तू बघ. मग टोळी तिचंही सामान पळवते, आणि वर्गमित्रांनी तिला दिलेली 'क्लास प्रोटेक्टर' अशी अक्षरं कोरलेली छोटी छत्री तिच्या डोळ्यांदेखत मोडते. तिथे तिचं डोकं फिरतं आणि टोळी संपते. जाइल्स शस्त्रं घेऊन धापा टाकत पोचतात तेव्हा सगळं आटोपलेलं असतं.

मराठी वाचकाला एक गोष्ट इथे लक्षात घ्यावी लागते. आपल्याकडे अकरावीला 'कॉलेज' लागतं, पण घर बहुधा सुटत नाही. अमेरिकेतलं फ्रेशमन वर्ष म्हणजे आपलं एफवाय अधिक होस्टेल, अठराव्या वर्षी, एका झटक्यात. नगरहून किंवा लातूरहून पुण्यात येऊन कॉट बेसिसवर राहिलेल्या कुणालाही 'द फ्रेशमन' समजवावा लागणार नाही.

त्याच रात्री, बफी संपल्यावर लगेच, 'एंजल' ही नवी मालिका सुरू झाली. बफीचा व्हॅम्पायर प्रियकर एंजल लॉस एंजेलिसला गेला, पाठोपाठ शाळेच्या गँगमधली कॉर्डेलियाही. 'द फ्रेशमन'मध्ये बफीच्या घरचा फोन वाजतो, ती हॅलो म्हणते, पलीकडून कुणी बोलत नाही. तासाभरात 'एंजल'च्या पहिल्या भागात तोच फोन दुसऱ्या टोकाकडून दिसतो. वाहिनीच्या दृष्टीने ही जाहिरात होती. बघणाऱ्याला मात्र पांगापांग घड्याळ लावून दाखवल्यासारखी दिसली. यात आणखी एक व्यावहारिक हानी झाली: 'बफी'च्या लेखनाचा एक खांब, डेव्हिड ग्रीनवॉल्ट, नव्या मालिकेवर गेला आणि निर्माता जॉस व्हीडन दोन्हीकडे वाटला गेला. (व्हीडनच्या सेटवरच्या वागणुकीबद्दल 2021 मध्ये अभिनेत्रींनी जे जाहीरपणे सांगितलं ते वाचल्यावर मालिकेतली काही वाक्यं पूर्वीसारखी ऐकू येत नाहीत. ते तसंच असायला हवं.)

दुसरा भाग 'लिव्हिंग कंडिशन्स', मार्टी नॉक्सनने लिहिलेला. विषय एकच: रूममेट. कॅथी नावाची गोड मुलगी. भिंतीवर पोस्टर सेलीन डिऑनचं. गाणं शेरचं, 'बिलिव्ह', पुन्हा पुन्हा तेच. जीन्सला इस्त्री करते. फोन कुणी किती वेळ वापरला याची वही ठेवते. फ्रिजमधल्या उकडलेल्या अंड्यांवर स्वतःचं नाव लिहिते. बफीचा स्वेटर न विचारता घालते आणि त्यावर केचप सांडते. बफी हळूहळू वेडीपिशी होते आणि कॅथी राक्षस आहे असं सगळ्यांना सांगत सुटते. मित्रांना वाटतं बफीलाच काहीतरी लागीर झालंय. ते तिला बांधून घालतात. पुरावा काय, तर बफीने कॅथीच्या कापलेल्या पायाच्या नखांचे तुकडे जमवलेत आणि ती सांगते, ही नखं कापल्यावरही वाढतात. जाइल्सनी मोजल्यावर ती खरंच वाढलेली निघतात.

लेखिकेने इथे दोन्ही बाजू खऱ्या ठेवल्यात. कॅथी खरंच राक्षस आहे आणि रोज रात्री बफीच्या आत्म्याचा एकेक घोट काढून घेतेय. म्हणजे बफीची चिडचिड हा तिचा स्वभाव नव्हता, आत्मा कमी होत चालल्याचं लक्षण होतं. तरीही तिच्या तक्रारी जगातल्या प्रत्येक होस्टेलमधल्या तक्रारींच्याच आहेत, राक्षसाचं निमित्त काढून टाकलं तरी एकही खोटी पडत नाही. आणि कॅथीचं कारण तर फारच गोड. ती आपल्या जगातून पळून आलीय, कॉलेज शिकायला. घरचे तिला न्यायला येणार, त्यांना आत्मा नसलेली कुणीतरी सापडेल म्हणून बफीची आपल्या जागी बदली पाठवायचा तिचा बेत आहे. शेवटी बाप येतोच, आणि ती त्याच्यावर ओरडते की मी तीन हजार वर्षांची आहे, मला नऊशे वर्षांची असल्यासारखं वागवणं कधी थांबवणार?

चौथ्या भागात, 'फिअर, इटसेल्फ'मध्ये, हेच तंत्र आणखी काटेकोर होतं. हॅलोविनच्या पार्टीसाठी फ्रॅटर्निटीच्या, म्हणजे एकत्र राहणाऱ्या कॉलेजातल्या मुलांच्या मंडळाच्या, पोरांनी घर भीतिदायक सजवलंय. कुठल्याशा पुस्तकातलं एक चिन्ह जमिनीवर रंगवलंय, दिसायला बरं म्हणून. ते गॅख्नार या भीतीच्या राक्षसाला बोलवायचं चिन्ह आहे. तरी नुसतं चिन्ह काढून काही होत नाही. ऑझ साउंड सिस्टिम लावत असतो, त्याचा हात कापतो, रक्ताचा थेंब चिन्हावर पडतो, आणि घर जिवंत होतं. प्रत्येकाला स्वतःचीच भीती समोर येते. विलोची जादू तिच्या हाताबाहेर जाते. ऑझला लांडगा होण्याची भीती. गँगमधला झँडर मित्रांना दिसेनासा आणि ऐकू येईनासा होतो. तो कॉलेजात गेलेलाच नाही, त्यामुळे त्याची भीती समजावून सांगायला एक ओळही खर्च होत नाही. शेवटची गंमत कृतीची आहे. जाइल्स पुस्तकातून मोठ्याने वाचतात की चिन्ह नष्ट करणे हा... बफी वाक्य पुरं व्हायच्या आत फरशीवर गुद्दा घालते. जाइल्स पुढे वाचतात की हा उपाय नव्हे, उलट त्याने राक्षस ताबडतोब प्रकट होतो. होतोच. बोटभर उंचीचा. पुस्तकातल्या चित्राखाली जुन्या भाषेत लिहिलेलं असतं: प्रत्यक्ष आकार.

इथवर सगळं जुळून आलेलं आहे. मग बिअर येते.

'बिअर बॅड'मध्ये पबचा मालक बिअरमध्ये काहीतरी मिसळतो आणि पिणारी पोरं आदिमानव होतात. त्या काळी अमेरिकन सरकारचं अमली पदार्थ नियंत्रण कार्यालय नशाविरोधी संदेश देणाऱ्या कार्यक्रमांच्या बदल्यात वाहिन्यांना जाहिरातींच्या वेळात सवलत देत असे. हा भाग त्यावर डोळा ठेवून लिहिला गेला, पण कार्यालयाने तो नाकारला. त्यांना तो फारच काल्पनिक वाटला. म्हणजे पैसेही गेले आणि भागही गेला. तो का फसला हे मात्र शिकण्यासारखं आहे. कॅथीच्या गोष्टीत राक्षस काढून घेतला तर खाली एक ओळखीची माणसं असलेली खोली उरते. बिअरच्या गोष्टीत आदिमानव काढून घेतला तर 'दारू वाईट' हे दोन शब्द उरतात. याच भागाला केशभूषेसाठी एमी या टीव्ही पुरस्काराचं नामांकन मिळालं, हा दैवाचा विनोद. बफीच्या आयुष्यातला पार्कर नावाचा एका रात्रीचा मुलगा या भागात डोक्यात दांडका खातो, एवढंच काय ते समाधान.

आता इनिशिएटिव्ह. मोठा खड्डा इथेच आहे.

लेखकांपुढे तीन रिकाम्या जागा होत्या. लायब्ररीच्या जागी अड्डा हवा, महापौराच्या जागी वर्षभराचा खलनायक हवा, एंजलच्या जागी प्रियकर हवा. त्यांनी तिन्ही एकाच विटेत बसवल्या. लोवेल हाउस या फ्रॅटर्निटीच्या खाली इनिशिएटिव्ह ही लष्कराची गुप्त प्रयोगशाळा, तिची प्रमुख मानसशास्त्राच्या प्राध्यापिका मॅगी वॉल्श, आणि त्यांचा शिकवणी सहायक रायली फिन हा दिवसा चांगला मुलगा, रात्री कमांडो. कागदावर हिशेब बरोबर. पडद्यावर नाही.

पहिली अडचण अशी की सैनिक कशाचंच रूपक होत नाहीत. बंदूक घेऊन राक्षस पकडणारा माणूस म्हणजे बंदूक घेऊन राक्षस पकडणारा माणूस. विद्यापीठ आणि सरकारी पैसा यांचं साटंलोटं, अधिकाराने सांगितलेलं निमूट ऐकायची सवय, असे धागे लेखकांच्या हातात होते आणि रायलीच्या गोष्टीत ते अधूनमधून दिसतात. पण लोखंडी दारं, लॅबकोट आणि वॉकीटॉकी यांच्या गर्दीत ते दबून जातात. शिवाय टीव्हीच्या बजेटमध्ये प्रचंड भुयारी तळ दाखवायचा म्हणजे एकच पांढरा हॉल वेगवेगळ्या कोनांतून दाखवत राहणं आलं.

दुसरी अडचण जास्त मोठी. वॉल्श ही खरी खलनायिका होती. लिंडसे क्राउसने तिला थंड, हुशार आणि थोडी आईसारखी रंगवलंय. पहिल्या तासाला ती वर्गाला सांगते की माझे सहायक मला पाठीमागे कुठल्या नावाने हाक मारतात ते मला माहीत आहे. बफीशी तिचं नातं तयार झालं होतं: विद्यार्थिनी, मग सहकारी, मग प्रतिस्पर्धी. आणि तेराव्या भागात तिचाच प्रयोग, अ‍ॅडम, तिला भोसकून मारतो. उरलेले नऊ भाग अ‍ॅडमच्या खांद्यावर. माणूस, राक्षस आणि यंत्र यांचे तुकडे शिवून केलेला हा गडी अस्तित्वावर सावकाश प्रवचनं देतो. बफीला तो ओळखत नाही, बफी त्याला ओळखत नाही. महापौर कसा, जंतूंना घाबरायचा, मुलांना दूध प्यायला सांगायचा, फेथ या वाट चुकलेल्या दुसऱ्या स्लेयरवर बापाची माया करायचा. अ‍ॅडमच्या छातीत फ्लॉपी ड्राइव्ह आहे. तो खरोखर फ्लॉपी आत सरकवून माहिती घेतो. 2000 सालीही हे दृश्य भीतीपेक्षा हसूच जास्त आणणारं होतं.

इनिशिएटिव्हचा एकच भाग टिकला आणि तो पुढची तीन वर्षं मालिकेला पुरला: बफीचा जुना शत्रू, व्हॅम्पायर स्पाइक, याच्या डोक्यातली चिप. माणसाला इजा करायला गेला की डोक्यात कळ येते, राक्षसांना मारायला मात्र मोकळीक. सातव्या भागात तो विलोच्या खोलीत तिला चावायला येतो आणि जमत नाही. मग दोघं कॉटवर बसून या अपयशावर बोलतात, आणि विलोच त्याची समजूत काढते की असं होतं कधीकधी, थोड्या वेळाने पुन्हा बघ. विनोद कशावर आहे हे सांगायला नको. त्यानंतर तो जाइल्सच्या बाथटबमध्ये साखळीने बांधलेला, मगातून स्ट्रॉने रक्त पिणारा पाहुणा होतो. घरात बसलेला, दात काढलेला शत्रू. लायब्ररीच्या जागी जे हवं होतं ते इतक्या लहान गोष्टीत सापडलं, त्याला कोट्यवधी डॉलरचा तळ लागला नाही.

आणि 'हश'. 14 डिसेंबर 1999. ज्यांनी मालिका बघितलेली नाही त्यांनीही याचं नाव ऐकलेलं असतं. 44 मिनिटांपैकी साधारण 27 मिनिटं एकही संवाद नाही. खटकेबाज बोलण्यासाठी कौतुक झालेल्या मालिकेतून बोलणंच काढून घ्यायचं, ही कल्पना. लेखनासाठीचं एमी नामांकन मालिकेला सात वर्षांत एकदाच मिळालं, ते या भागाला.

बहुतेक लोक नंतरची शांतता लक्षात ठेवतात, पण कामगिरी पहिल्या पंधरा मिनिटांत आहे. आवाज जायच्या आधी सगळे अखंड बोलत असतात आणि कुणाचंच कुणाला काही पोचत नसतं. वॉल्श वर्गात सांगते की भाषा आणि संवाद या वेगळ्या गोष्टी. बफी आणि रायली एकमेकांना चुंबन देण्याच्या बेतात आले की दोघांपैकी एक बडबडायला लागतो, कारण दोघांनाही गुपित लपवायचंय. विलो कॉलेजच्या विका, म्हणजे जादूटोणा मानणाऱ्या मुलींच्या, गटात जाते, तिथे जादू सोडून सगळ्या विषयांवर चर्चा चालू असते. तारा नावाची अडखळत बोलणारी मुलगी काहीतरी सांगायला तोंड उघडते आणि राहून जाते. झँडरची मैत्रीण अ‍ॅन्या त्याला विचारते, तुला माझ्याबद्दल काय वाटतं? त्याला शब्द सापडत नाहीत.

रात्री गावाचे आवाज एका लाकडी पेटीत जातात. काळे सूट घातलेले, धातूचे दात दाखवत हसणारे 'जंटलमन' जमिनीपासून वीतभर वर तरंगत येतात. त्यांना सात काळजं हवीत. बळी ओरडू शकत नाही, शेजारच्या खोलीत कुणाला कळत नाही. होस्टेलच्या कॉरिडॉरमध्ये हे दृश्य बघताना पुन्हा 'द फ्रेशमन' आठवतं. दारं लागून लागून आहेत आणि मदत मात्र कुठेच नाही. सकाळी लोक गळ्यात पाट्या अडकवून हिंडतात, दारूचं दुकान उघडं आहे, बातम्यांत घशाच्या साथीचं कारण सांगताहेत. जाइल्स वर्गात ओव्हरहेड प्रोजेक्टरवर चित्रं काढून माहिती देतात, मागे सँ-सांसचं संगीत. बफी खुंटी मारण्याचा अभिनय करून दाखवते, तो भलताच दिसतो, सगळे तिच्याकडे बघत राहतात. मग तिला पर्समधून खरी खुंटी काढून दाखवावी लागते.

आणि वॉशिंग मशिनच्या खोलीतला तो प्रसंग. तारा आणि विलो आत अडकल्यात, बाहेरून दारावर धक्के. विलो एकटीने कोल्ड्रिंकचं मशीन मनाच्या जोराने ढकलायला बघते, ते जेमतेम हलतं. तारा तिचा हात धरते. दोघी एकमेकींकडे बघतात, एकदम मान वळवतात, मशीन जोरात सरकून दाराला भिडतं. दोन मुलींचं प्रेम त्या काळी या वाहिनीवर उघड दाखवणं अवघड होतं, त्यांचं पहिलं चुंबन पडद्यावर आलं ते फेब्रुवारी 2001 मध्ये, 'द बॉडी'त. तोवर जादूनेच ते काम केलं, आणि माझ्या मते त्या मशिनइतकं स्पष्ट कुठलंही चुंबन झालं नसतं. शेवटी बफीची किंकाळी जंटलमन लोकांना फोडते, आवाज परत येतात. रायली बफीच्या खोलीत येतो, दोघांनी एकमेकांचं गुपित पाहिलेलं आहे. बोलायला हवं, असं दोघंही कबूल करतात, आणि समोरासमोर गप्प बसून राहतात. भाग तिथेच थांबतो.

या सीझनमध्ये आणखी एक गोष्ट फार बारकाईने लिहिली गेलीय आणि तिच्याबद्दल कमी बोललं जातं: मुलं कॉलेजात गेल्यावर मागे राहिलेल्या मोठ्या माणसाचं वर्ष. जाइल्स बेकार आहेत. सकाळी कपडे बदलायचे कशाला हा प्रश्न. 'अ न्यू मॅन'मध्ये त्यांना कळतं की रायली कमांडो आहे हे बाकी सगळ्यांना आधीच माहीत आहे. बफी सांगायचं विसरली. मुद्दाम लपवलेलं नाही, विसरली. जुना मित्र इथन रेन त्यांना दारू पाजून फायर्ल राक्षस करतो, शिंगं आणि चिकट हात. सकाळी घरची माणसं त्यांना ओळखत नाहीत, त्यांची भाषा फक्त स्पाइकला कळते. रस्त्यात वॉल्श दिसते तेव्हा जाइल्स गाडीतून उतरून, निव्वळ मजा म्हणून, तिच्या मागे धावतात. शेवटी सुरा घेऊन आलेली बफी त्यांना फक्त डोळ्यांवरून ओळखते. शाळेत रोज भेटणारा माणूस आता मुद्दाम फोन करून भेटावा लागतो आणि तो फोन राहून जातो, एवढीच ही गोष्ट आहे.

या सगळ्याचा हिशेब विसाव्या भागात होतो. स्पाइक अ‍ॅडमच्या सांगण्यावरून चौघांना फोडायला निघतो आणि त्याला फारसं काही करावंच लागत नाही. झँडरला एक वाक्य, विलोला एक, जाइल्सना एक. प्रत्येकाच्या मनात ते आधीपासून होतंच. त्या रात्रीचं भांडण सबंध वर्षभर साचलेलं आहे, म्हणून ते खरं वाटतं. पुढच्या 'प्रायमीव्हल'मध्ये चौघं मंत्राने एक होतात: विलो चैतन्य, झँडर हृदय, जाइल्स बुद्धी, बफी हात. त्या एकत्र ताकदीने बफी अ‍ॅडमच्या छातीतून युरेनियमचा गाभा उपटून काढते. खलनायक इतका कच्चा की त्याच्या मरणाचं काहीच वाटत नाही, पण मंत्र म्हणताना तिघं एका खोलीत बसलेले दिसतात आणि चौथी त्यांच्या ताकदीने पलीकडे लढते. तेवढ्यासाठी मात्र वर्षभराची वाट बघितली होती असं वाटतं. बाविसाव्या 'रेस्टलेस'मध्ये लढाई नाहीच. चौघं सिनेमा बघता बघता झोपतात आणि चार स्वप्नं पडतात, त्यांत चीजचे काप घेऊन हिंडणारा एक माणूस, ज्याला काहीही अर्थ नाही. शेवटच्या भागात असं करायला धाडस लागतं.

बफीची पदवी पुढे पूर्ण होत नाही. पाचव्या सीझनमध्ये आई जाते, धाकट्या बहिणीची जबाबदारी येते आणि मे 2001 च्या 'टफ लव्ह'मध्ये ती कॉलेज सोडते. सहाव्यात परत प्रवेशासाठी अर्ज करते, तो मुदतीनंतर पोचला म्हणून नाकारला जातो. राक्षस वगैरे काही नाही, फक्त तारीख उलटून गेलेली.

पहिल्यांदा बघणाऱ्यांसाठी थोडं कामाचं. सगळे 22 भाग म्हणजे सोळा तास. तेवढा वेळ नसेल तर 1, 2, 4, 7, 9, 10, 12, 15, 16, 19, 20, 21, 22 एवढे बघा. उरलेल्यांतले 5 आणि 18 तर कधीच नाही बघितले तरी काहीही अडत नाही. पंधरा-सोळामध्ये फेथ आणि बफीच्या शरीरांची अदलाबदल होते, सारा मिशेल गेलर आणि एलायझा डुश्कू एकमेकींची चाल, बोलण्याची ढब कशा उचलतात ते बघायला हे दोन भाग सलग पाहा. मालिका मूळ 4:3 चौकटीत रचलेली आहे. नंतर काढलेल्या रुंद, एचडी आवृत्तीत कडेला दिवे आणि सेटवरची माणसं दिसतात, रात्रीच्या दृश्यांवरचा निळसर रंग उडालाय, त्यामुळे व्हॅम्पायर भर दुपारी हिंडत असल्यासारखे वाटतात. जुनी, जवळपास चौकोनी चौकट मिळाली तर तीच घ्या. 'एंजल' सोबत बघायची असेल तर बफीचा तिसरा भाग झाल्यावर तिकडचा 'इन द डार्क', आठवा 'पँग्स' झाल्यावर 'आय विल रिमेंबर यू', आणि सोळावा झाल्यावर 'फाइव्ह बाय फाइव्ह' आणि 'सँक्च्युअरी', या क्रमाने. 'सँक्च्युअरी' पाहिल्याशिवाय विसावा लावलात तर एंजल सनीडेलला कशाबद्दल माफी मागायला आलाय तेच कळणार नाही.